वाचून दाखवणारी बाई

"वाचून दाखवायची काही गरज नाही, काकू," शिशिर म्हणाला. "तिले सगळं माहीत आहे. तुम्ही फक्त प्रिंट काढा. अंगठा घेतो आन निघतो आम्ही. या उन्हात तुमालेही काहून त्रास."

त्याचा आवाज गोड होता. लहानपणी दिवाळीत आईनं दिलेलं फराळाचं ताट घेऊन यायचा तेव्हाही तो असाच गोड बोलायचा, आणि ताट देऊन झालं की न सांगता वाकून नमस्कार करायचा. समता कॉलनीतल्या वनमालाबाईंच्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला पोरगा. आता पस्तिशीचा होता, गळ्यात गमछा होता आणि त्याच्यामागे चार माणसं उभी होती. कचहरीच्या फाटकापाशी त्यांच्या मोटरसायकली एकीला एक लावून ठेवलेल्या वनमालाबाईंना बसल्या जागेवरून दिसत होत्या.

त्यांनी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. शिशिरनं मोबाइलमध्ये बघून सांगितलेला मजकूर त्यांनी टाइप केला होता, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. टाइप करताना त्यांची बोटंच काम करत. डोकं त्यात शिरतच नसे. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. मजकूर काय आहे ते त्यांना स्वतःला कळायचं ते मोठ्यानं वाचून दाखवताना.

आज मात्र बोटांना आधीच कळलं होतं. ती थंड पडली होती.

समोरच्या स्टुलावर बिसाहिन बसली होती. भनपुरीच्या पुढे ट्रकांचे अड्डे संपतात तिथून आत चार कोसांवर तिचं गाव. चाळिशीची असेल. स्टुलाच्या अगदी कडेवर, कोणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं अशी ती बसली होती. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. तिची आई, सुकवारो, दोन दिवसांपूर्वी मोठ्या सरकारी दवाखान्यात वारली होती आणि अजून तिथल्या शवागारातच होती. गाव तिला मातीला जागा देत नव्हतं. म्हातारी गेली तीन वर्षं गावच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत भरणाऱ्या ख्रिस्ती प्रार्थनेला जायची, एवढंच कारण. तिच्यासारख्यांना इथल्या मरघटात, गावच्या मसणवटीत, जागा नाही, असं गावच्या समितीनं ठरवलं होतं. पण मुलीनं शपथपत्र करून दिलं तर गाव विचार करेल, असं शिशिरनं मध्ये पडून जुळवून आणलं होतं. तो त्याला उपकारच समजत होता, आणि कदाचित खरंच तसं समजत होता.

मुलीला फार काही नको होतं. तिचा बाप त्याच मरघटात पुरलेला होता, नाल्याच्या काठावर. आईला त्याच्या बाजूला ठेवायचं, बस.

वनमालाबाई तिजारे छत्तीसगढातल्या या कचहरीत सदतीस वर्षं बसत होत्या. मागच्या पडवीतलं कडुनिंबाकडचं तिसरं टेबल त्यांचं. नवरा काविळीनं गेला तेव्हा मुलगा पराग सव्वा वर्षाचा होता. वडिलांचे वर्ध्याचे एक स्नेही यशवंतराव तेव्हा इथं अर्जनवीस होते, तात्यापाऱ्यात राहायचे. त्यांनी वनमालाबाईंना टाइपिंग शिकवलं आणि आपल्या बाजूला टेबल टाकून दिलं. त्या काळी या पडवीत अकरा टाइपरायटर होते. दुपारी बाराच्या सुमाराला सगळे एकदम चालू झाले की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज व्हायचा. चहाच्या वेळेला या टोकापासून त्या टोकापर्यंत मराठी ऐकू यायची. वर्ध्याची, भंडाऱ्याची, नागपूरची. कोणाच्या घरून पुरणपोळी आली तर ती तुकडे करत करत शेवटच्या टेबलापर्यंत जायची. आता मशिनी गेल्या, मराठी बोलणारे गेले, निंब तेवढा राहिला. आणि वनमालाबाई.

यशवंतरावांचा एक नियम होता. कागद टाइप झाला की ज्याचा कागद, त्याला तो मोठ्यानं, सावकाश वाचून दाखवायचा. त्याच्या बोलीत समजावायचा. त्यानं मान हलवली की मगच सही नाहीतर अंगठा. आणि कागदाच्या खाली डाव्या कोपऱ्यात लिहायचं, 'पढ़कर सुनाया', आणि त्याखाली आपलं नाव. हे असं इतर कोणी करत नसे. यशवंतरावही सुरुवातीला करत नव्हते. एकदा त्यांनी एका म्हातारीचा कागद तिच्या पुतण्याच्या सांगण्यावरून घाईघाईत टाइप केला होता. वर्षभरानं ती डोक्यावर गाठोडं घेऊन आली. घर गेलं होतं. भांडली नाही, रडली नाही. 'बाबूजी, आपने तो बताया नहीं,' एवढंच म्हणाली आणि निंबाखाली बसून राहिली. त्यानंतर दोन दिवस यशवंतराव जेवले नव्हते. ही गोष्ट त्यांनी वनमालाबाईंना एकदाच सांगितली होती, दुसऱ्यांदा कधी सांगितली नाही.

पलीकडच्या टेबलावरचा हिरालाल या वाचनाची वीस वर्षं थट्टा करत आला होता. वनमालाबाईंचं वाचून झालं की तो आपल्या गिऱ्हाईकाला सांगायचा, "दीदी की कथा हो गई, अब प्रसाद बँटेगा." त्या रागावत नसत. भाडेपट्टा असो की जन्मतारखेची दुरुस्ती, त्या वाचत. लोक कंटाळत, घड्याळ बघत, आणि तरी पुढच्या खेपेला त्यांच्याचकडे येत.

आणि आज शिशिर म्हणत होता, गरज नाही.

खरं सांगायचं तर वनमालाबाईंना ते ऐकून आधी सुटल्यासारखं वाटलं. गरज नाही तर नाही. त्यांचं वय झालं होतं. गेल्या पावसाळ्यात पुढच्या शेडमधल्या एका टायपिस्टाचं टेबल कोणीतरी दिवसाढवळ्या उलटं केलं होतं. कशासाठी, ते कोणी मोठ्यानं विचारलं नव्हतं. तो माणूस पुन्हा दिसला नाही, आणि आठ दिवसांत त्याच्या जागी दुसऱ्यानं खुर्ची टाकली. परागचं समता कॉलनीत औषधांचं दुकान होतं. ते शिशिरच्या रोजच्या वाटेवर होतं.

त्यांनी प्रिंटचं बटण दाबलं. कागद सरकत बाहेर आला. त्यांनी शाईचा पॅड पुढे ओढला आणि झाकण उघडलं.

तेव्हा बिसाहिन पहिल्यांदा बोलली.

"का लिखे हस, पढ़ के सुना दे बाई." काय लिहिलंस ते वाचून सांग. "सब झन कथें, तैं पढ़ के सुनाथस."

सगळे सांगतात, तू वाचून दाखवतेस. हे कोणी सांगितलं होतं तिला, कोण जाणे. शिशिर हसला, अरे दीदी, असं काहीतरी म्हणाला. पण बिसाहिन त्याच्याकडे बघत नव्हती. तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले होते. अंगठा असा सहज कोणाला मिळू नये म्हणून घेतले असतील.

वनमालाबाईंनी चष्मा लावला. कागद टेबलावरच ठेवून त्याच्यावर वाकून वाचायला सुरुवात केली.   आधी हिंदीत, मग प्रत्येक वाक्य तिच्या छत्तीसगढीत. मी बिसाहिन, अमक्याची मुलगी, अमुक गावची राहणारी. माझी आई आजारी असताना गावात प्रार्थना चालवणाऱ्या पास्टरनं तिला औषधांचा आणि पैशांचा लोभ दाखवला, फूस लावून नेलं. ती भीतीपोटी जात होती. मरण्याआधी तिला पश्चात्ताप झाला होता. या पास्टरवर कारवाई व्हावी अशी माझी तक्रार आहे.

 हिरालालच्या प्रिंटरचा आवाज थांबला. 'कारवाई' या शब्दापाशी आल्यावर वनमालाबाईंना कळलं की हा कागद म्हातारीच्या मातीसाठी नव्हताच. हा कागद घेऊन ही माणसं ठाण्यात जाणार होती.

"नइ," बिसाहिन म्हणाली.

"क्या नहीं?" मागचा एक जण पुढे झाला. शिशिरनं त्याला हातानंच थांबवलं.

"मोर दाई अपन मन ले गे रिहिस. कोनो नइ लेगिस." माझी आई आपल्या मनानं गेली होती. कोणी नेलं नाही. मग ती जरा थांबून म्हणाली, की तो पास्टर तिला औषध देत होता हे खरं. पण ती औषध नसलेल्या महिन्यांतही जात होती. तिला तिथलं गाणं आवडायचं. मी किती भांडले तिच्याशी. मी तर शीतला मातेला नारळ फोडते, अजूनही फोडते. पण ती गेली ती आपल्या पायांनी. हे असं कसं लिहून देऊ?

शिशिर तिच्या स्टुलापाशी उकिडवा बसला. तिच्या डोळ्यांच्या पातळीवर यावं म्हणून. त्याच्या वागण्यात कुठंही उद्धटपणा नव्हता.

"दीदी, सोच लो," तो हळू आवाजात म्हणाला. "दाई दो दिन से बर्फ में पड़ी है. बाबू के पास जाना है ना उसको?"

बिसाहिननं मांडीखालचा हात बाहेर काढला. अंगठ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. कोणीतरी बाहेर नाव पुकारत होतं, तीन वेळा पुकारलं, कोणी गेलं नाही. वनमालाबाईंना एकाच वेळी दोन्ही वाटत होतं. हिनं अंगठा द्यावा आणि हे सगळं संपावं. आणि हिनं देऊ नये.

"जो सच आय, तेला लिख दे," बिसाहिन त्यांना म्हणाली.

"काकू," शिशिर उभा राहिला. आता तो मराठीत बोलत होता, म्हणजे फक्त त्यांच्याशी. "तिचं डोकं ठिकाण्यावर नाही. दुःखात आहे. तुम्ही समजदार आहात."

"शपथपत्र तिचं आहे, बाळा," वनमालाबाई म्हणाल्या. आपण बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

त्यांनी स्क्रीनवरची ती चार वाक्यं खोडली. धीर वगैरे काही आला नव्हता. ती बाई समोर बसून बघत होती आणि तिच्या देखत दुसरं काही करता येईना, एवढंच. लिहिलं ते असं: माझी आई आपल्या मर्जीनं प्रार्थनेला जात होती. मी जात नाही. माझ्या वडिलांच्या शेजारी तिला जागा मिळावी अशी माझी गावाला विनंती आहे. नवी प्रिंट काढून पुन्हा वाचून दाखवलं. बिसाहिननं मान हलवली, अंगठा दिला. वनमालाबाईंनी सवयीनं डाव्या कोपऱ्यात नाव घातलं. समोरच्या खोलीतले नोटरी, निरंजन वकील, यांनी तो कागद बघितला, शिशिरकडे बघितलं आणि म्हणाले, आज शिक्का घरी राहिला. शिक्का त्यांच्या कोपराशी होता.

शिशिरनं मोबाइल काढून कागदाचा फोटो घेतला. एकदा पूर्ण कागदाचा आणि एकदा जवळून, डाव्या कोपऱ्याचा. मग तो वाकला आणि त्यानं वनमालाबाईंच्या पायांना हात लावला.

"येतो काकू. परागले सांगा, मी आलतो म्हणून."

पराग संध्याकाळी सातलाच दुकान बंद करून घरी आला. तो बाहेर हिंदी आणि घरातही हिंदीच बोलायचा. आईचं मराठी समजायचं, पण उत्तर हिंदीत.

"आई, तुमको क्या ज़रूरत थी?"

"मी कुठं काही केलं? मी वाचलं फक्त."

"वही तो. क्यों पढ़ा?"

 त्यानं मोबाइल पुढे धरला. कुठल्याशा ग्रुपवर तो फोटो फिरत होता. त्यांच्या नावाभोवती लाल गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं, 'ये औरत कौन है, पता करो.' त्याखाली कोणीतरी त्यांच्या गल्लीचं नाव टाकलं होतं. सदतीस वर्षांत त्यांचं नाव हजारो कागदांवर गेलं असेल. कोणी मुद्दाम ते वाचलं नव्हतं.

बुधवारी त्या घरीच राहिल्या. दर मोटरसायकलला कान जायचा. एखादी गल्लीत वळली की हातातलं काम थांबायचं, ती पुढे निघून गेली की पुन्हा सुरू व्हायचं. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं राहून गेलं आणि वरणाचा लगदा झाला. दुपारी सून अनुश्री स्क्रू ड्रायव्हर घेऊन फाटकापाशी गेली आणि 'तिजारे' नावाची पितळी पाटी काढून आणली. पॉलिश करायला देते म्हणाली. कोणी काही विचारलं नव्हतं. पाटीच्या जागी भिंतीचा जुना, फिका रंग तेवढा चौकोन दिसत राहिला, आणि चार भोकं.

शेजारच्या बाईंनी त्या दिवशी कढीपत्ता मागितला नाही. एरवी रोज मागायच्या.

पण भीतीहून वेगळंही काहीतरी त्यांना कुरतडत होतं. आपण वाचलं नसतं तर? म्हातारी आत्तापर्यंत नाल्याच्या काठी, नवऱ्याच्या शेजारी असती. चार खोटी वाक्यं, एक अंगठा. मेलेल्या माणसाला काय कळतं? पास्टर तुरुंगात गेला असता, हेही खरं. पण त्याला आपण कुठं ओळखतो? त्या असा हिशोब मांडत बसायच्या आणि तो कधीच जुळायचा नाही. यशवंतराव असते तर त्यांना विचारलं असतं. ते बहुतेक पान लावत म्हणाले असते, 'वनमाला, तू वाचणारी. ठरवणारी तू कोण?' हे बोलायला सोपं होतं. त्यांच्या काळी कोणी कोपऱ्याचा फोटो काढत नव्हतं.

गुरुवारी त्या कचहरीत गेल्या. घरी बसलं तर लोक काय ते समजतील, असं वाटलं म्हणून. टेबल जागेवर होतं. गिऱ्हाईक कोणी आलं नाही. हिरालाल नेहमीसारखी थट्टा न करता चहा पाठवत राहिला, आणि त्याचीच त्यांना जास्त धास्ती वाटली.

अकराच्या सुमाराला बिसाहिन आली.

आईचं झालं, तिनं सांगितलं. गावानं कागद बघितलासुद्धा नाही. शेवटी शहरातल्या कबरस्तानात जागा मिळाली, काल, भर उन्हात. सहा माणसं होती. तिकडे सगळी रेती आणि मुरूम, आमच्याकडच्यासारखी काळी माती नाही. मग ती पहिल्यांदाच थोडं हसल्यासारखं करून म्हणाली, की ती काल पहाटे गावी जाऊन आली होती. मरघटात बापाच्या जागेवरची मूठभर माती पदराला बांधून आणली आणि आईच्या अंगावर टाकली. कोणी बघितलं नाही. बघितलं असतं तर त्या मातीलाही नाही म्हणाले असते.

वनमालाबाई ऐकत होत्या, पण डोळे फाटकाकडे होते. ही इथं बसलेली कोणी बघितलं तर, एवढंच डोक्यात होतं. ती लवकर जावी असं त्यांना वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती. बिसाहिनच्या ते लक्षात आलं असावं. ती उठली. आपल्या कागदाची एक नक्कल मागून घेतली, तिची चार पदरी घडी घातली आणि पोलक्यात ठेवली. तिला वाचता येत नव्हतं.

"तोला मोर सेती तकलीफ होगे," ती म्हणाली. माझ्यामुळे तुला त्रास झाला.

"नाही माय," वनमालाबाई म्हणाल्या. तेवढ्यात फाटकातून एक मोटरसायकल आत आली आणि त्या जागच्या जागी एवढ्या दचकल्या की शाईचा पॅड खाली पडला. पोस्टमन होता.

शुक्रवारी परागच त्यांना स्कूटरवर घेऊन आला. रात्री त्याचं आणि शिशिरचं फोनवर बोलणं झालं होतं. शिशिर चांगला बोलला, पराग म्हणाला. काकू माझ्या आईच्या जागी आहेत म्हणाला. फक्त एक कागद पाहिजे त्याला, गोष्ट मिटवायला. चार वाजता येऊन घेऊन जाईल. कागद हिरालाल भैयानं टाइप करून ठेवला आहे. तुला काही करायचं नाही, आई, फक्त सही.

"तू वाचला का?" त्यांनी विचारलं.

"मेरे को नहीं पढ़ना," पराग म्हणाला.

साडेतीन झाले होते. हिरालालनं कागद आणून त्यांच्या टेबलावर ठेवला, उलटा. पेनही ठेवलं. तो त्यांच्या नजरेला नजर देत नव्हता. साठीला आलेला माणूस, पोटाचा घेर टेबलाला लागायचा, बाराही महिने तोंडात पान. आज पान नव्हतं.

"दीदी, कर दो," तो म्हणाला. "हम लोग छोटे आदमी हैं."

वनमालाबाईंनी पेन उचललं.  सही करायचं त्यांनी येतानाच ठरवलं होतं, स्कूटरवर, परागच्या पाठीला धरून बसलेलं असताना. त्याच्या सदऱ्याला घाम आला होता. त्याच्या बापाच्या पाठीलाही असाच, मध्यभागी यायचा. पाटी पुन्हा भिंतीवर लागावी. कुकरच्या शिट्ट्या मोजता याव्यात. एवढं पुष्कळ होतं.

त्यांनी कागद सुलटा केला. अक्षरं डोळ्यांसमोर तरंगत होती. चष्मा घरीच राहिला होता.

"हिरालाल," त्या म्हणाल्या, "वाचून दाखव."

"दीदी, मैं क्या…"

"माझा कागद आहे. मले वाचून दाखव."

हिरालालनं परागकडे बघितलं. परागनं खांदे उडवले. वीस वर्षांत हिरालालनं एकही कागद कोणाला वाचून दाखवला नव्हता. त्यानं तो उचलला, दूर धरला, जवळ धरला. मग आपल्या नेहमीच्या भरधाव पद्धतीनं सुरुवात केली, की मी वनमाला तिजारे, शपथपूर्वक कथन करते. वय, पत्ता हे भराभर झालं. पुढे त्याचा वेग कमी झाला. की सदर दिवशी माझी नजर कमजोर असल्याने मी बिसाहिन हिला चुकीचा मजकूर वाचून दाखवला. की असे करण्यास मला त्या पास्टरच्या माणसांनी सांगितले होते आणि त्याबद्दल पैसे दिले होते. की बिसाहिननं नंतर जे सांगितलं ते तिचं स्वतःचं म्हणणं नसून…

तो थांबला.

 आजूबाजूच्या टेबलांवरच्या बहुतेकांनी वनमालाबाईंचं वाचणं वर्षानुवर्षं नाइलाजानं ऐकलं होतं, आणि आज ते हिरालालच्या तोंडून येत होतं.

"पुढं," वनमालाबाई म्हणाल्या.

"…उसका अपना कहना नहीं था," हिरालालनं पुटपुटल्यासारखं वाचलं, "बल्कि मेरे बहकावे में आकर…" त्यानं कागद खाली घेतला. ही वाक्यं परवा त्यानंच टाइप केली होती, शिशिर सांगत होता तसतशी. पण टाइप करणारी ती बोटं होती. त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि उरलेल्या तीन ओळी कशाबशा वाचून संपवल्या.

 बिसाहिनची आई आपल्या मनानं गेली होती, हे सांगायला त्या मुलीनं बापाशेजारची जागा सोडली होती. ते म्हणणं तिचं नव्हतं, असं आता त्यांच्या सहीनं होणार होतं. पोलक्यातली ती घडीही मग खोटी.

त्यांनी पेन हिरालालपुढे धरलं.

"वाचलंस नं? मग खाली डाव्या कोपऱ्यात लिही. 'पढ़कर सुनाया.' आन तुझं नाव घाल. तू घाल, मग मी सही करतो का नाही ते पाहू."

हिरालालनं पेन घेतलं. टेबलावर वाकला. पेनचं टोक कागदाच्या कोपऱ्यावर टेकलं, तिथं शाईचा एक ठिपका आला, आणि तो वाढत गेला. मग हिरालाल सरळ झाला. त्यानं पेन कागदावर आडवं ठेवलं, अगदी अलगद, आणि आपल्या टेबलापाशी जाऊन पाठ करून बसला.

भिंतीवरच्या घड्याळात चाराला दहा कमी होते.

"आई," पराग म्हणाला.  तो एकदा कागदाकडे आणि एकदा आईच्या हातांकडे बघत होता. हात मांडीवर होते आणि थरथरत होते. ती सही करणार नाही हे त्याला कळलं होतं, आणि ती किती भ्यायली आहे हेही. आपल्या आयुष्यात त्यानं तिला असं भ्यालेलं पाहिलं नव्हतं.

फाटकाबाहेर मोटरसायकलींचा आवाज आला. एकीचा, मग आणखी काहींचा.

परागनं गिऱ्हाईकाचं स्टूल ओढलं. टेबलाच्या या बाजूला, आईच्या खुर्चीला लागून ठेवलं. आणि फाटकाकडे तोंड करून बसला.